महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना

महाराष्ट्रातील कुटुंबांना रुग्णालयातील उपचारांसाठी आर्थिक संरक्षण देणारी राज्य शासनाची योजना. २०१२ मध्ये ‘राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना’ या नावाने ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली. पुढील वर्षी ती राज्यभर लागू झाली आणि २०१७ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. आरंभी पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारकांना वर्षाला प्रतिकुटुंब दीड लाख रुपयांचे संरक्षण होते. २०२३ मध्ये ते पाच लाख रुपये करण्याचा आणि योजना राज्यातील सर्व कुटुंबांना खुली करण्याचा निर्णय झाला.

योजनेत सहभागी (अंगीकृत) रुग्णालयातील आरोग्यमित्र हा योजनेचा मदतनीस रुग्णाची शिधापत्रिका व ओळखपत्र पाहून नोंदणी करतो. उपचारांना पूर्वमंजुरी मिळाली की रुग्णालयाचे बिल परस्पर चुकते होते. रुग्णाला आधी पैसे भरावे लागत नाहीत.

सर्वांना विमा मिळाल्याचा मोठा लाभ म्हणजे दुखण्यापायी जमीन गहाण टाकणे, दागिने मोडणे किंवा सावकाराचे कर्ज काढणे टळू शकते. खर्चाच्या धास्तीने लांबणीवर पडणारी हृदयशस्त्रक्रिया, डायलिसिस किंवा कर्करोगावरील उपचार वेळेवर होण्याची शक्यता वाढते. निरोगी व आजारी, सधन व निर्धन अशा सर्वांत जोखीम विभागली जाते. पात्रता ठरवताना गरजू वगळला जाण्याचा धोकाही घटतो.

बाह्यरुग्ण तपासणी व रोजच्या औषधांचा खर्च मात्र या योजनेत साधारणतः येत नाही. त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रे सक्षम असणे तितकेच आवश्यक ठरते.