एक तार आकाशाला, एक तार जमिनीला

दिवाळीची झाडलोट ही दरवर्षी कुठली तरी जुनी वस्तू उकरून काढल्याशिवाय राहत नाही. यंदा आमच्या बैठकीच्या खोलीतले टीव्हीचे कपाट पुढे ओढले आणि त्याच्यामागे तारांचे जे जंजाळ निघाले ते पाहून मी तेथेच फतकल मारून बसलो. टीव्हीची तार, वरच्या डब्याची तार, इंटरनेटची तार, स्पीकरच्या दोन तारा, आणि कुठूनही न येणारी व कुठेही न जाणारी अशा आणखी तीन! त्या सोडवता सोडवता खिडकीच्या चौकटीत सुपारीएवढे एक भोक दिसले. ते चुन्याने बुजवलेले होते. चिरंजीवांनी विचारले, "बाबा, हे कशाचे?"

मी म्हटले, "हे तुझ्या पणजोबांचे."

मी शाळामास्तर आहे आणि रिकाम्या वेळी कादंबऱ्या लिहितो. विजेचे माझे ज्ञान शाळेच्या पुस्तकापलीकडचे नाही. परंतु त्या एका भोकातून आमच्या घरात करमणूक कशी शिरली, आणि तिच्याबरोबर आणखी काय शिरले, हे मला ठाऊक आहे. आमच्यासारख्या शेकडो घरांची ती हकिकत आहे, म्हणून सांगतो.

आपल्याकडे रेडिओ आला तो हौशी मंडळींच्या हातून. मुंबईच्या रेडिओ क्लबने १९२३ च्या जून महिन्यात पहिले कार्यक्रम ऐकवले. पुढे इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी निघाली आणि २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबई केंद्राचे उद्‌घाटन झाले. केंद्राची शक्ती अवघी दीड किलोवॅट. कंपनी १९३० सालीच बुडाली, सरकारने कारभार हाती घेतला, आणि १९३६ मध्ये 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव पडले. माझे आजोबा त्या सुमारास गिरगावातल्या एका चाळीत राहत आणि फोर्टमध्ये कारकुनी करीत. तयार रेडिओ घेणे कारकुनाच्या पगारात बसण्यासारखे नव्हते. तेव्हा त्यांनी, त्या काळच्या अनेक हौशी माणसांप्रमाणे, स्वतःच क्रिस्टल सेट बांधला.

या सेटची गंमत अशी, की त्याला वीज लागतच नाही. पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलेली तांब्याची तार, गॅलिना नावाचा शिशाच्या खनिजाचा चकचकीत खडा, त्या खड्यावर अलगद टेकवलेली बारीक तारेची सोंड आणि कानाला लावायचा हेडफोन, एवढाच संसार. गॅलिनाच्या खड्याने बिनतारी लहरी ओळखण्याच्या युक्तीचे पेटंट आपल्या जगदीशचंद्र बोसांना १९०४ साली अमेरिकेत मिळाले होते, ही गोष्ट आजोबा प्रत्येक पाहुण्याला सांगत. आवाज उमटतो तो केंद्राकडून आलेल्या लहरीच्याच बळावर. ते बळ मुंगीएवढे; त्यामुळे त्यातला कणही वाया जाऊन चालत नसे.

म्हणून दोन तारा लागत. एक एरियलची. चाळीच्या गच्चीवर दोन बांबू उभे करून, टोकांना चिनी मातीचे इन्सुलेटर बांधून, मध्ये लांबलचक तांब्याची तार ताणायची आणि तिचे टोक खिडकीच्या चौकटीला भोक पाडून आत घ्यायचे. दुसरी तार जमिनीची, म्हणजे अर्थिंगची. ती चाळीच्या पाण्याच्या नळाला घट्ट आवळायची. ही दुसरी तार सैल झाली की गाणे जवळजवळ नाहीसे होई. आजोबा म्हणत, "एक तार आकाशाला, एक तार जमिनीला. दोन्ही धरल्या तर मध्ये गाणे."

हे वाक्य मी लहानपणी इतक्या वेळा ऐकले, की मला ते एखाद्या अभंगाचे ध्रुवपद वाटे. त्याचा खरा अर्थ मात्र कळायला मोठी किंमत पडली.

पुढे महायुद्ध आले. चाळीतल्या एका बिऱ्हाडी व्हॉल्वचा रेडिओ होता, त्यावर रात्री बातम्या ऐकायला मंडळी जमत. १९४२ च्या चळवळीत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. २७ ऑगस्टला, ४२.३४ मीटरवर, त्याचा पहिला आवाज उमटला. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून ती मंडळी यंत्र घेऊन या घरातून त्या घरात हलत राहिली, आणि १२ नोव्हेंबरला पकडली गेली. एवढे दिवस ते चालले ते साध्या राहत्या खोल्यांतून. आजोबांच्या खड्याच्या सेटला हे केंद्र लागणे शक्य नव्हते. तरी ते शेजाऱ्याची एरियल नीट करून देत, आणि त्याबद्दल भिंतीला टेकून ऐकण्याचा हक्क मिळवीत.

स्वातंत्र्यानंतर आजोबा पुण्याला, या वाड्यात आले. २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुण्याचे केंद्र सुरू झाले आणि आमच्या बैठकीत व्हॉल्वचा रेडिओ आला. आजोबांनी कौलांवर एरियल ताणली. आमच्या खिडकीतले भोक ते हेच. जमिनीच्या तारेसाठी त्यांनी अंगणात तुळशीवृंदावनाशेजारी हातभर खड्डा खणला, तांब्याचा पत्रा पुरला, त्यावर कोळसा आणि मीठ घातले, आणि उन्हाळ्यात तेथे रोज तांब्याभर पाणी ओतण्याचे काम आजीकडे दिले. कोळसा-मिठाने ओल टिकते आणि ओल्या मातीतून वीज सहज उतरते. शेजारणींना वाटे, आजीचे काही तरी व्रत असावे.

परंतु आजीला रेडिओ ऐकायला मिळे कुठे? बैठकीत पुरुषमंडळी बसत, आणि सकाळच्या वेळी आजी चुलीपाशी. १९५५ च्या एप्रिलमध्ये पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झाले. माडगूळकरांची गीते, फडक्यांच्या चाली, आठवड्याला एक नवे गीत, अशी वर्षभरात छप्पन्न गीते झाली. पहिले एक-दोन आठवडे आजी दाराआड उभी राहून ऐकत होती आणि आत भात लागत होता. तिसऱ्या आठवड्यात आजोबांनी रेडिओच्या मागच्या बाजूने दोन तारा काढल्या, लाकडी पट्टीवर क्लिपा ठोकून त्या माजघरातून स्वयंपाकघरापर्यंत नेल्या, आणि फडताळावर एक जादा स्पीकर बसवला. आजी सांगे, "सोन्याच्या पाटल्या केल्या तेव्हा नाही, पण त्या दिवशी मी त्यांना वाकून नमस्कार केला." आमच्या घरात उंबरठा ओलांडून पहिल्यांदा आत गेले ते ते चार पैशांचे तारेचे वेटोळे.

आता येथे इतिहास एक चमत्कारिक वळण घेतो, आणि मला सांगायचे आहे ते हेच.

क्रिस्टल सेटला जमिनीची तार लागे, कारण तिच्यावाचून ऐकू येत नसे. म्हणून जो तो ती निगुतीने घाली. व्हॉल्वच्या रेडिओला ती असली तर बरी, नसली तरी चाले. साठीच्या दशकात ट्रान्झिस्टर आला. त्याला भिंतच लागेना, मग तार कुठली! यंत्रे सुधारत गेली तसतशी ऐकण्यासाठी जमिनीची गरज उरली नाही. आणि नेमक्या त्याच काळात घराघरात भिंतीतून वीज खेळू लागली, जिच्यापासून जीव वाचवण्यासाठी जमिनीची तार हवी होती. गाण्यासाठी जी तार आम्ही आवडीने पुरली, ती जिवासाठी पुरायचे विसरलो. काही स्वस्त रेडिओ तर एसी आणि डीसी दोन्हींवर चालावेत म्हणून असे बांधलेले असत, की आतला पत्र्याचा सांगाडाच विजेच्या तारेला जोडलेला असे. त्याचे मागचे झाकण काढून हात घालणारा हौशी माणूस मृत्यूशीच हस्तांदोलन करीत असे.

कायद्याला हे कळत होते. १९५६ च्या वीज नियमांत म्हटले होते, की दिवा, पंखा, फ्यूज वा स्विच बदलण्यासारखी कामे सोडली तर घरातली तारजोडणी परवानाधारकानेच करावी. पण हौस कधी परवाना मागते काय?

माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, तेही आजोबांचेच चिरंजीव. मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरदर्शन सुरू झाले, १९७३ मध्ये सिंहगडावरून ते पुण्यात दिसू लागले, १९८२ मध्ये त्याला रंग आले. आमच्याकडे टीव्ही आला तो १९८७ साली, 'रामायण' मालिकेच्या ओढीने. छतावरचा माशाच्या काट्यासारखा अँटेना यागी आणि उडा या जपानी संशोधकांनी १९२६ साली काढला, हे तेव्हा कुणाला माहीत असणार! अण्णा वर चढून तो सिंहगडाच्या दिशेला फिरवीत, मी अंगणात आणि आई टीव्हीपुढे. "आलं का?" "आलं! गेलं! थोडं डावीकडे!" अशी साखळी चाले. टीव्हीपाठोपाठ टेपरेकॉर्डर आला, आणि मातीच्या दोन माठांच्या तोंडावर बसवलेले स्पीकर आले. माठातून आवाज घुमतो फार छान. या साऱ्यांसाठी भिंतीत होते एकच दोन भोकांचे सॉकेट. अण्णांनी त्यातूनच सगळ्या तारा काढल्या. जिथे प्लग नव्हता तिथे उघडी टोके सॉकेटात घालून काडेपेटीच्या काड्या खोचल्या. फ्यूज वारंवार उडू लागला तेव्हा त्यात जाड तार घातली. "आता नाही उडायचा," अण्णा म्हणाले. तो उडाला नाही, हे खरे.

१९८८ ची दिवाळी. आकाशकंदिलाची तार अण्णांनी टीव्हीच्याच सॉकेटातून काढली, मध्ये जोड देऊन त्यावर जखमेला लावायची चिकटपट्टी गुंडाळली, आणि पितळी होल्डर खिडकीच्या लोखंडी गजांना टांगला. नरक चतुर्दशीच्या पहाटे दव पडले होते. आई अंगणात सडा घालून, ओल्या हाताने, ओल्या जमिनीवर उभी राहून रांगोळीचा डबा घ्यायला खिडकीशी आली आणि तिने गज धरला.

तिला ओरडता आले नाही. मी आठ वर्षांचा होतो. मला वाटले, आई थट्टा करते आहे. आजीच्या ध्यानात आले. ती "मेन! मेन पाड!" असे किंचाळली आणि अण्णांनी धावत जाऊन मेन स्विच पाडला. आई खाली कोसळली. वाचली. उजव्या तळव्यावर भाजल्याची रेघ उमटली, ती आजही आहे.

त्या दिवशी आमच्याकडे फराळाला कुणी बसले नाही. दुपारी जाणता वायरमन आला. त्याने टीव्हीमागचा पसारा पाहिला, काड्या उपटल्या, फ्यूजमधली जाड तार काढून अण्णांच्या हातावर ठेवली आणि शांतपणे म्हणाला, "अण्णा, होल्डरला हिरवी तार असती आणि ती जमिनीत गेली असती, तर वीज तिकडून पळाली असती, आणि फ्यूज बेताचा असता तर तो त्या क्षणी उडाला असता. तुम्ही दोन्ही वाटा बंद केल्यात. मग तिसरी वाट वहिनींच्या अंगातून."

अण्णा काही बोलले नाहीत. उठून अंगणात गेले आणि तुळशीशेजारी खणू लागले. हातभर खाली आजोबांचा तांब्याचा पत्रा लागला, हिरवा पडलेला. वायरमन म्हणाला, "गाण्यापुरता हा ठीक होता, जिवाला पुरायचा नाही." मग तेथेच आणखी खोल खड्डा झाला, लोखंडी नळी उभी केली, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ. सॉकेटे तीन पिनांची झाली. पाणी ओतण्याचे काम आजीने पुन्हा आपणहून घेतले.

त्यानंतर किती तारा आल्या! १९९१ च्या आखाती युद्धापाठोपाठ केबल आली आणि वाड्यावाड्यांवरून काळ्या तारांची तोरणे लागली. मग तबकड्या आल्या, डबे आले, आता तर निम्मे काम तारेवाचून होते. मी मात्र घराचा कारभार हाती येताच पहिली वस्तू बसवून घेतली ती आर.सी.सी.बी. तीस मिलिअँपिअर एवढी वीज वाट चुकून गळू लागली, की हा छोटा स्विच डोळ्याचे पाते लवण्याआधी प्रवाह तोडतो. त्याच्यावर एक बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबून तो जागा आहे ना, हे पाहायचे. आमच्याकडे हे काम चिरंजीवांकडे आहे.

यंदाचा कंदील त्यानेच टांगला. प्लॅस्टिकचा होल्डर, अखंड तार, तीन पिनांचा प्लग. खिडकीतले भोक बुजवायचे का, असे त्याने विचारले. मी नको म्हटले.

संध्याकाळी कंदील लागला तेव्हा आई पणत्या घेऊन बाहेर आली. खिडकीशी येताच तिने पणतीचे ताट कट्ट्यावर ठेवले, हात पदराला कोरडा पुसला, आणि गजाला हाताची मागची बाजू निमिषभर लावून पाहिली. गेली कित्येक वर्षे ती असेच करते. मग म्हणाली, "ठीक आहे," आणि पहिली पणती लावली.