चार कोटींची बोटभर बाहुली



2024 साली अमेरिकेत एका लिलावात प्लास्टिकची बाहुली 5,25,000 डॉलरला गेली. त्या वेळच्या दराने चार कोटी रुपयांहून जास्त! उंची जेमतेम साडेनऊ सेंटिमीटर. सोनं नाही, चांदी नाही, हिरा नाही. मग एवढे पैसे कशाचे? आपल्या प्रत्येक गटात हा प्रश्न असतोच, की वस्तूची किंमत ठरते कशी आणि ठरवतं कोण. म्हणून आज आपण या बाहुलीचा इतिहास बघू.

25 मे 1977 रोजी अमेरिकेत ‘स्टार वॉर्स’ नावाचा सिनेमा लागला. दूर अंतराळातल्या लढाईची गोष्ट. त्यात यंत्रमानव होते, राजकन्या होती, उडती यानं होती. सिनेमाच्या नावावर वस्तू विकायचे हक्क दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांनी स्वतःकडे ठेवले. मेगो नावाच्या मोठ्या खेळणी कंपनीने या बाहुल्या करायचं काम नाकारलं. शेवटी सिनसिनाटी शहरातल्या केनर कंपनीने ते घेतलं.

सिनेमा एवढा चालेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. नाताळ आला तरी खेळणी तयार नाहीत. मग केनरने चक्क पुठ्ठ्याचं पाकीट विकायला काढलं. आत चित्र, स्टिकर आणि एक प्रमाणपत्र. ते टपालाने पाठवलं की नव्या वर्षात चार बाहुल्या घरपोच. लोकांनी ते पाकीटही घेतलं, आणि 1978 मध्ये बाहुल्या खरंच घरी पोचल्या.

त्याआधी मुलग्यांच्या अशा बाहुल्या बऱ्याचदा फूटभर उंच असायच्या. फूटभर बाहुली यानात बसवायची तर यान केवढं करावं लागेल? आणि ते कोणत्या आईबापाला परवडेल? म्हणून केनरने पावणेचार इंचांचं माप धरलं. एका बाहुलीला साधारण दोन डॉलर पडत. 1978 या एका वर्षात कंपनीची स्टार वॉर्सची चार कोटींहून जास्त खेळणी खपली.

आता तुम्ही म्हणाल, एवढा ढीग झाला तर मोल कसं वाढलं? कारण सोपं आहे. पोरं खेळली. बाहुलीच्या हातातली इवलीशी बंदूक हरवली, झगा फाटला, पुठ्ठ्याचं वेष्टन पहिल्याच दिवशी कचऱ्यात गेलं. पुठ्ठ्यावर जशीच्या तशी, न उघडलेली बाहुली फार थोड्या घरांत उरली. ती पोरं मोठी झाली, कमावती झाली आणि आपलं बालपण विकत घ्यायला निघाली. मोल तिथून चढत गेलं.

त्यातलीच एक बाहुली ‘जावा’. सिनेमात हे बुटके लोक भंगार गोळा करून विकतात. पहिल्या जावाला विनाइलचा, म्हणजे पातळ प्लास्टिकचा झगा होता. एवढीशी बाहुली, तिला असला झगा, गिऱ्हाइकाला माल हलका वाटेल म्हणून कंपनीने लवकरच कापडी झगा दिला. आज कापडी झग्याचा जावा सहज मिळतो. हलका म्हणून काढून टाकलेला विनाइलचा झगा मात्र हजारो डॉलरला जातो. मग नकली माल येणारच. दुसऱ्या बाहुलीचा झगा कापून जावाला चढवायचा आणि अस्सल म्हणून विकायचा, असंही झालं. म्हणून जाणकार आधी झग्याचा रंग, जाडी आणि कापलेली कड बघतात. खेळणी तपासून 100 पैकी गुण देणाऱ्या आणि ती पारदर्शक डबीत बंद करून देणाऱ्या संस्थाही निघाल्या. सोन्याला हॉलमार्क, तसा बाहुलीला गुणांचा शिक्का.

आता त्या चार कोटींच्या बाहुलीकडे येऊ. तिचं नाव बोबा फेट. चार बाहुल्यांच्या खरेदीचा पुरावा पाठवा आणि पाठीवरून खरंच रॉकेट उडवणारी ही बाहुली मिळवा, अशी जाहिरात केनरने 1979 मध्ये केली होती. त्याच सुमाराला दुसऱ्या कंपनीच्या खेळण्यातलं उडणारं छोटं क्षेपणास्त्र घशात अडकून एक लहान मूल दगावलं. केनरने रॉकेट उडवायची सोय काढून टाकली. रॉकेट पक्कं बसवूनच बाहुल्या घरोघरी गेल्या. रॉकेट उडवणारी बाहुली दुकानात कधी आलीच नाही. कारखान्यात चाचणीसाठी केलेले थोडे नमुने तेवढे मागे उरले. 2024 मध्ये विकला गेला तो त्यांतलाच एक.

गोष्ट इथे संपली असती तर ‘जपून ठेवा, श्रीमंत व्हा’ एवढाच धडा निघाला असता. पण पुढचं ऐका. 1995 मध्ये केनरने स्टार वॉर्सच्या नव्या बाहुल्या काढल्या. तोवर जुन्यांचे भाव सगळ्यांना कळले होते. मोठ्या माणसांनी खोकीच्या खोकी घेतली, न उघडता माळ्यावर ठेवली. पण सगळ्यांनीच जपल्या, तर दुर्मिळ कोणती राहणार? त्यांतल्या बहुतेक बाहुल्या आज न उघडलेल्या असूनही किरकोळ किमतीला मिळतात. जुन्या बाहुल्यांना मोल आलं, कारण त्या कुणी मोलासाठी घेतल्याच नव्हत्या.

तेव्हा ‘आज पैसे टाका, दहा वर्षांत भाव वाढणारच’ असं कुणी सांगत दारात आलं, मग ती बाहुली असो, नाणं असो की जमिनीचा तुकडा, तर 1995 ची ती खोकी आठवा. गटाची बचत अशा भरवशावर गुंतवायची नसते. भाव वाढायला घेणारा लागतो, आणि तो उद्या येईलच असं कुणी लिहून देत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. काट्यावर वजन कळतं, मोल कळत नाही. आपल्या घरात आजीची पितळी भातुकली असते, जुना अडकित्ता असतो, हाताने शिवलेली गोधडी असते. मोड घेणारा दारात येतो आणि पितळ किलोवर मागतो. देण्याआधी चार गोष्टी वहीत लिहा: वस्तू कुणाची, साधारण किती वर्षांची, कुणी घडवली, आणि काही तुटलं-बदललं आहे का. शक्य असेल तर फोटो काढा. दोन-तीन ठिकाणी भाव विचारा. त्या बाहुलीची किंमतही अशा नोंदींवरच टिकली. ती कारखान्यातलीच आहे हे पटलं नसतं, तर एवढी मोठी बोली कुणी लावलीच नसती.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातली एक जुनी वस्तू आणावी आणि तिची गोष्ट सांगावी. सचिवताईंनी ती वहीत उतरवून घ्यावी. विकायची की ठेवायची, ते मग जिची तिने ठरवावं.