नाव, गाव आणि पूर्ण पत्ता

कोणत्याही छंदाचा इतिहास लिहावयास बसले की लेखणी त्या छंदाच्या वस्तूंकडेच वळते, आणि त्या वस्तू ज्यांनी जिवापाड जपल्या ती माणसे एकमेकांना भेटली तरी कशी, हा प्रश्न तळटीपेत जातो किंवा राहूनच जातो. अमेरिकेतील कॉमिक्सच्या बाबतीत बहुतांशी हेच घडले. सुपरमॅन कोणत्या साली अवतरला, बॅटमॅनच्या पितृत्वाचा तंटा काय होता, कोणत्या जीर्ण अंकाला लिलावात केवढी बोली लागली, या विषयांवर ग्रंथांची चळत उभी आहे; परंतु दहा सेंटांना मिळणारे ते रंगीत चोपडे उशाखाली दडवून वाचणाऱ्या मुलाला, आपल्याच जातकुळीचा आणखी एक वेडा शेकडो मैलांवरच्या दुसऱ्या एखाद्या गावी नांदत आहे, याची वार्ता कशी लागली, हे सांगणारे थोडकेच. माझ्या मते हा समाज कोणा प्रकाशकाने स्थापिला नाही की कोणा मंडळाने ठराव करून जन्मास घातला नाही. वाचकाच्या पत्राखाली त्याचे नाव, गाव आणि पूर्ण पत्ता छापण्याच्या एका साध्या संपादकीय प्रघाताने तो उभा राहिला.

या प्रघाताचे मूळ कॉमिक्समध्ये नसून विज्ञानकथेत आहे. लक्झेंबर्गहून अमेरिकेस येऊन स्थायिक झालेल्या ह्यूगो गर्न्सबॅक या उद्योगी गृहस्थाने एप्रिल १९२६ मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक काढले आणि त्यातील वाचकांच्या पत्रांखाली पत्तेही छापावयास आरंभ केला. त्या पत्त्यांवर वाचकांनी परस्परांस पत्रे घातली, पत्रांतून मंडळे निघाली, आणि १९३२ च्या आरंभी न्यूयॉर्कमधील ज्युलियस श्वार्ट्झ, मॉर्ट वाइझिंगर आदी काही पोरसवदा मित्रांनी ‘द टाइम ट्रॅव्हलर’ नावाचे हौशी पत्र सुरू केले. त्यांच्या या उद्योगात पश्चिम किनाऱ्यावरून टपालाने सहभागी झालेला फॉरेस्ट ॲकरमन हा कॅलिफोर्नियातील मुलगा पुढे याच इतिहासात पुन्हा भेटणार आहे. त्याच सुमारास क्लीव्हलंड शहरात जेरी सीगल आणि जो शूस्टर हे दोन शाळकरी मित्र ‘सायन्स फिक्शन’ नावाचे स्वतःचे पत्र काढीत होते, आणि त्याच्या जानेवारी १९३३ च्या अंकात त्यांनी ‘सुपरमॅन’ हे नाव प्रथम वापरले ते एका खलपुरुषासाठी! पाच वर्षांनी त्याच नावाचा सत्पुरुष ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकावर मोटार डोक्यावर उचलून उभा राहिला. तेव्हा रसिक आधी आणि त्यांचे दैवत मागाहून, असा हा उलटा क्रम आहे.

चाळिसाच्या दशकात प्रकाशकांनी बालवाचकांची मंडळे काढली नाहीत असे नव्हे. कॅप्टन अमेरिकेच्या ‘सेंटिनल्स ऑफ लिबर्टी’चा बिल्ला दहा सेंटांना मिळे, ‘ज्युनिअर जस्टिस सोसायटी’चे सभासदत्व घेणाऱ्यास रीतसर सनद येई. पण या सगळ्या व्यवहारात मुलाचा रुजू झालेला अर्ज कचेरीच्या दप्तरात पडे आणि कचेरीकडून बिल्ला मुलाकडे जाई. एका सभासदास दुसऱ्या सभासदाचा ठावठिकाणा कळण्याची सोय त्यात नव्हती. रयत पुष्कळ, परंतु सगळी एकमेकांस अपरिचित.

याला पहिला तडा दिला तो विल्यम गेन्स यांच्या ईसी या भयकथांबद्दल प्रसिद्ध असलेल्या संस्थेने. १९५३ मध्ये पंचवीस सेंट वर्गणीचा ‘फॅन-ॲडिक्ट क्लब’ निघाला, गावोगावी त्याच्या शाखा काढण्यास मुभा मिळाली, आणि त्याच साली एका टेक्सासवासी मुलाने ‘ईसी फॅन बुलेटिन’ हे हौशी पत्र काढलेही. परंतु एवढ्यात वावटळ उठली. डॉ. फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञांनी १९५४ मध्ये ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ हा ग्रंथ लिहून बालगुन्हेगारीचे खापर कॉमिक्सवर फोडले, सिनेटच्या उपसमितीपुढे गेन्स यांची जाहीर उलटतपासणी झाली, आणि भेदरलेल्या प्रकाशकांनी स्वतःच स्वतःवर एक कडक आचारसंहिता लादून घेतली. ईसीची कॉमिक्स तीत गतप्राण झाली. एक ‘मॅड’ तेवढे मासिकाचे रूप घेऊन वाचले. रसिकांची ती पहिली वसाहतही पांगली.

आता रंगभूमीवर पुन्हा ज्युलियस श्वार्ट्झ येतात. पत्त्यांवरून मित्र जोडणारा तो न्यूयॉर्कचा मुलगा एव्हाना डीसी या बड्या संस्थेत संपादक झाला होता, आणि १९५६ पासून जुन्या, विस्मृतीत गेलेल्या वीरांना नवा पोशाख चढवून एकेक करून परत आणीत होता. फ्लॅश आला, ग्रीन लँटर्न आला, आणि १९६० मध्ये या मंडळींचा ‘जस्टिस लीग ऑफ अमेरिका’ हा संघ अवतरला. तो पाहून ज्यांचे चित्त विशेष उचंबळले त्यांत डेट्रॉइटच्या विद्यापीठात विज्ञान शिकविणारे जेरी बेल्स हे तरुण प्राध्यापक होते. बालपणी ‘ऑल-स्टार कॉमिक्स’मधील ‘जस्टिस सोसायटी’ या जुन्या वीरसंघाने त्यांना झपाटले होते, ते मासिक १९५१ मध्ये बंद पडले तरी यांचे वेड शमले नाही, आणि त्या कथांचे लेखक गार्डनर फॉक्स यांच्यामागे चिकाटीने पत्रांचा तगादा लावून त्यांनी त्यांच्या संग्रहातील ‘ऑल-स्टार’चे बांधीव खंड अखेर विकत मिळविले. योगायोग असा की १९६० च्या अखेरीस मिसूरी राज्यातील रॉय थॉमस नावाच्या एका महाविद्यालयीन विद्यार्थ्यानेही नेमक्या त्याच जुन्या अंकांची चौकशी श्वार्ट्झ यांच्याकडे केली. श्वार्ट्झ यांनी ते पत्र फॉक्स यांच्याकडे पाठविले, आणि फॉक्स यांनी उत्तरी कळविले की अंक तर बेल्स नामक गृहस्थांस दिले, हा घ्या त्यांचा पत्ता. पुढे महिनोन्‌महिने या दोघांत जी दीर्घ पत्रे गेली-आली, त्यांच्या जाडीचा विचार करता दोघांच्या टंकलेखन यंत्रांना थोडीही उसंत मिळाली नसावी.

फेब्रुवारी १९६१ मध्ये बेल्स न्यूयॉर्कला जाऊन श्वार्ट्झ यांना भेटले. श्वार्ट्झ यांनी त्यांना हौशी पत्रांची परंपरा सांगितली आणि डिक व पॅट लुपॉफ या दांपत्याचे ‘झीरो’ हे पत्र दाखविले, ज्यात जुन्या कॉमिक्सवर आठवणीपर लेख येत असत. बेल्स परतले ते मनात आराखडा घेऊनच, आणि मार्चमध्ये ‘आल्टर ईगो’चा पहिला अंक निघाला. तो छापखान्यात छापलेला नव्हता. शाळेत प्रश्नपत्रिका काढण्यासाठी वापरीत त्या स्पिरिटच्या यंत्रावर तो काढला होता: आधी जांभळ्या कार्बनवर मूळ पान टंकित करावयाचे, ते उमटलेली बाजू बाहेर ठेवून दांडीच्या रुळावर चढवावयाचे, स्पिरिटने ओलसर झालेला एकेक कोरा कागद त्यावरून फिरवावयाचा, आणि प्रत्येक फेऱ्यागणिक जांभळी शाई थोडी अधिक फिकट होत जाते हे हताशपणे पाहत राहावयाचे. शे-दोनशे प्रती निघाल्या की मूळ पानाचे प्राण जात. बोटे जांभळी, खोलीत स्पिरिटचा दरवळ, आणि टेबलावर पाकिटांचा ढीग.

पण ती पाकिटे पाठवावयाची कोणाला? येथे श्वार्ट्झ यांनी आपल्या पोरवयातली जुनी हिकमत पुन्हा काढली. १९६१ पासून त्यांच्या मासिकांतील पत्रांखाली लेखकाचा पूर्ण पत्ता छापून येऊ लागला. मुळात पत्रांचे पान हेही काहीसे टपालखात्याचेच अपत्य आहे, कारण सवलतीचा टपालदर मिळण्यासाठी अंकात किमान दोन पाने निव्वळ मजकुराची असलीच पाहिजेत असा त्या खात्याचा दंडक होता. पूर्वी ती जागा एखाद्या नीरस लघुकथेने भरीत, आता ती वाचकांनी भरली. श्वार्ट्झ उत्तम पत्रास मूळ चित्रांची पाने बक्षीस देत, त्यामुळे पत्रे नुसती येत नसत, तर ती तोलून-मापून, जिंकण्याच्या ईर्ष्येने लिहिली जात. त्यांची एक धाटणीच ठरून गेली होती. आरंभी नाव, वय आणि इयत्ता. मग कोणत्या अंकापासून वाचक झालो याची मिती. मग आवडत्या वीरांची क्रमवारी. मग चित्रकाराने किंवा लेखकाने केलेली एखादी चूक विजयी मुद्रेने दाखवून देणे. आणि शेवटी, अमुक जुने अंक कोणाकडे असल्यास कळवावे ही आर्जवी विनंती. पंढरीच्या वाटेवर एकाच धर्मशाळेत उतरलेल्या दोन अनोळखी वारकऱ्यांनी परस्परांस गाव, फड आणि दिंडी विचारावी, तसाच हा स्वतःची ओळख देण्याचा रिवाज होता. आणि बेल्स यांनी या पानांवरून पत्ते टिपून घेऊन सर्वांना अंक रवाना केले.

या टपाली समाजाचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो. पाकिटावर वय दिसत नाही, त्वचेचा वर्ण दिसत नाही, शरीराचे व्यंगही दिसत नाही. विद्यापीठाचा प्राध्यापक आणि तेरा वर्षांचा पोर यांनी समान पातळीवर वाद घालावा, हे त्या काळच्या अमेरिकेत इतरत्र क्वचितच घडत असेल. मायामीचे जी. बी. लव्ह यांना जन्मापासून सेरेब्रल पाल्सीने जखडले होते. परंतु १९६१ च्या अखेरीस त्यांनी काढलेले ‘रॉकेट्स ब्लास्ट’ हे पत्र पुढे बेल्स यांनी सुरू केलेल्या एका जाहिरातपत्राशी एकत्र होऊन जुन्या अंकांच्या खरेदीविक्रीची सगळ्या देशातील पेठच झाले. इंडियानातील रिचर्ड ग्रीन, ज्यांना सगळे ‘ग्रास’ म्हणत, हे या वर्तुळातील अगदी पहिल्या कृष्णवर्णीय चित्रकारांपैकी एक. ‘आल्टर ईगो’ची धुरा बेल्स यांनी खाली ठेवली तेव्हा ती उचलणाऱ्यांत तेही होते. स्त्रिया मात्र थोड्याच होत्या, आणि ज्या होत्या त्यांत ओहायोच्या मॅगी थॉम्पसन यांचे नाव सर्वांत आधी घ्यावे लागते.

स्टॅन ली यांच्या मार्व्हलने पत्रांच्या पानाला वेगळेच वळण दिले. ‘प्रिय संपादक’ हा मायना रद्द करून स्वतःला आणि चित्रकार जॅक कर्बी यांना पहिल्या नावाने हाक मारा असे त्यांनी वाचकांस फर्मावले, आणि चूक दाखवून देणाऱ्यास पुढे-पुढे एक रिकामे पाकीट बक्षीस म्हणून पाठविले, ज्यावर आत काहीही नसलेले बक्षीस आहे असा मजकूर असे! मुलांना ते पाकीट मूळ चित्राइतके प्रिय झाले, यावरून ली यांच्या व्यवहारचातुर्याची कल्पना यावी. १९६४ मध्ये त्यांनी एक डॉलर वर्गणीची ‘मेरी मार्व्हल मार्चिंग सोसायटी’ही काढली. थट्टामस्करी उत्तम होती, पण बिल्ला आणि सनद यांचाच जुना खेळ नव्या वेषात चालला होता असे मला वाटते. श्वार्ट्झ यांनी वाचकांना वाचक दिले, ली यांनी वाचकांना ली दिले. तरीही पत्ता छापला गेला की तो आपले काम करीच. नोव्हेंबर १९६३ च्या ‘फँटास्टिक फोर’च्या अंकात न्यू जर्सीतील बेयोन गावच्या जॉर्ज मार्टिन या शाळकरी मुलाचे पत्र आले, त्या पत्त्यावर हौशी पत्रे येऊन पडू लागली, त्यांत त्याने कथा लिहिल्या, आणि त्याच मुलाने पुढे ‘गेम ऑफ थ्रोन्स’ लिहून जगाला वेड लावले.

१९६४ हे साल या कहाणीत दाटीचे आहे. त्या वर्षी बेल्स यांनी लॅरी लॅटँझी यांच्या साहाय्याने ‘हूज हू इन कॉमिक फँडम’ छापले, म्हणजे ज्या समाजाला तीन वर्षांपूर्वी आपण समाज आहोत हेही ठाऊक नव्हते, त्याची आता छापील खानेसुमारी झाली. मार्चमध्ये रसिकांच्या वार्षिक पुरस्कारांची मते मोजण्याच्या निमित्ताने बेल्स यांच्या घरी डेट्रॉइटला काही मंडळी जमली, आणि तोवर केवळ अक्षरावरून ओळखणाऱ्यांनी एकमेकांचे चेहरे तेथे पाहिले. जुलैत न्यूयॉर्कमध्ये पन्नासच्या आसपास रसिकांचे एक दिवसाचे संमेलन भरले. एरवी लोकांत न मिसळणारे स्पायडर-मॅनचे चित्रकार स्टीव्ह डिट्को तेथे येऊन गेले, ते अशा संमेलनात पहिल्यांदा आणि शेवटचे. पुढे ऑगस्ट १९७० मध्ये शेल डॉर्फ या रसिकाने सॅन डिएगोच्या यू. एस. ग्रँट हॉटेलात जे संमेलन भरविले, ज्याला आज लाखाहून अधिक माणसे लोटतात, त्याची रंगीत तालीम म्हणून मार्चमध्ये एक दिवसाची बैठक झाली होती. आणि तिचे पाहुणे कोण, तर १९३२ मध्ये टपालाने सामील झालेले तेच फॉरेस्ट ॲकरमन.

बेल्स यांचे पत्रमित्र रॉय थॉमस यांना १९६५ मध्ये डीसीमध्ये नोकरी मिळाली ती मॉर्ट वाइझिंगर यांच्या हाताखाली, आणि हौशीपणातून वर आलेल्या या वरिष्ठाचा जाच इतका असह्य निघाला की पंधरवड्याच्या आतबाहेर ते मार्व्हलमध्ये दाखल झाले आणि पुढे तेथील मुख्य संपादक बनले. जुन्या रसिकाने नव्या रसिकाची कदर करावी असा काही नियम नाही.

या समाजाविषयी विद्यापीठीय पातळीवर पहिले पुस्तक लिहिले कोणी, हे ऐकून मात्र अनेकांस धक्का बसला. ते लिहिले डॉ. वर्थम यांनी. ज्यांच्या ग्रंथाने ईसीच्या रसिकांची वसाहत उठविली होती, त्यांनीच वृद्धापकाळी हौशी पत्रांच्या संपादकांस स्वहस्ते पत्रे लिहून अंक मागविले, त्यांचा अभ्यास केला, आणि १९७३ मध्ये ‘द वर्ल्ड ऑफ फँझीन्स’ प्रसिद्ध करून त्या मुलांच्या स्वयंस्फूर्त, निर्लोभी संवादाची मनापासून वाखाणणी केली. त्यावर त्यांना न्यूयॉर्कच्या संमेलनाचे निमंत्रण आले, आणि ते गेलेही. श्रोत्यांनी नवे पुस्तक वाचलेले नव्हते; जुने मात्र सर्वांना पाठ होते. प्रश्नांचा मारा असा झाला की त्यानंतर डॉक्टरांनी कॉमिक्सविषयी काहीही लिहिले नाही.