संयुक्त अवसादरोधी औषधोपचार

निदान दोन अवसादरोधी औषधे, एकामागून एक, योग्य मात्रेत आणि पुरेशा मुदतीपर्यंत देऊनही ज्या रुग्णाचे नैराश्य हटत नाही, त्याच्या दुःसाध्य विकारावर भिन्न कार्यपद्धतीची दोन औषधे एकत्र योजण्याची उपचाररीती. १९५७ साली स्विस मनोविकारतज्ज्ञ रोलांट कून यांनी इमिप्रामिनचा गुण प्रसिद्ध केला, त्यानंतर अशा जोड्यांची तजवीज अनेकांनी केली. सेरोटोनिनचे पुनर्ग्रहण रोखणाऱ्या सर्ट्रालिनसारख्या औषधाला मिर्टाझापिनची जोड ही त्यांपैकी परिचित होय. तथापि २०११ मधील अमेरिकी ‘को-मेड’ चाचणीत आरंभापासूनच दोन औषधे दिल्याने एकाच औषधाहून अधिक लाभ दिसला नाही, तेव्हा या उपायाची महती जपूनच सांगावी हे बरे.

धोका मात्र निर्विवाद आहे : मोनोअमाइन ऑक्सिडेज-रोधकासह सेरोटोनिनवर्धक औषध दिल्यास प्राणघातक सेरोटोनिन-विषाक्तता संभवते, आणि फ्लुओक्सेटिनमुळे इमिप्रामिनचे रक्तातील प्रमाण वाढते. नीरेकाठच्या सोमेश्वरनगरात, जेथे साखर कारखान्याच्या गाळप हंगामात उसाच्या गाड्या रात्रंदिवस धावतात, तेथे मिर्टाझापिनची गुंगी ट्रॅक्टरचालकाच्या दृष्टीने गौण बाब नव्हे. बारामतीस २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पुण्यास येरवड्याचे मनोरुग्णालय; दोन ठिकाणी इलाज चालू असलेल्या रुग्णाने दोन्हीकडच्या चिठ्ठ्या प्रत्येक डॉक्टरापुढे ठेवाव्यात आणि गोळ्या स्वेच्छेने एकदम बंद करू नयेत. २०२२ पासून ‘टेली-मानस’च्या १४४१६ क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.