अर्धांगवायूनंतर गोळीच्या जोडीला सुंठ

अर्धांगवायूच्या पहिल्या झटक्यातून सावरलेल्या रुग्णाला दुसऱ्या झटक्याची धास्ती असते आणि ती अनाठायी नसते. तो टाळण्यासाठी ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल, कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन आणि रक्तदाबाचे औषध बहुतेकांना दीर्घकाळ घ्यावे लागते. रुग्ण घरी आला की सल्लेही सुरू होतात : गोळीच्या जोडीला चमचाभर सुंठ घ्या, रक्त पातळ राहील. या सल्ल्याला शास्त्रीय आधार अगदीच नाही असे नव्हे. मात्र तो आधार कोठपर्यंत पोहोचतो, हे पाहणे आवश्यक आहे.

'रक्त पातळ होणे' हा बोलण्यातील प्रघात झाला. प्रत्यक्षात रक्त पातळ होत नाही, तर रक्तबिंबिकांची, म्हणजे प्लेटलेटची, एकमेकींना चिकटण्याची प्रवृत्ती कमी होते. ॲस्पिरिन बिंबिकेतील एक विकर कायमचे निकामी करते आणि बिंबिकेच्या सात ते दहा दिवसांच्या उर्वरित आयुष्यात ते पुन्हा तयार होत नाही. आल्यातील जिंजेरॉल आणि आले वाळताना त्यापासून बनणारे शोगाओल ही द्रव्येही परीक्षानळीत बिंबिकांचे चिकटणे रोखतात.

माणसांवरील प्रयोगांत तैवानमधील संशोधकांचा २००६ सालचा अभ्यास विशेष उल्लेखनीय आहे. रक्तदाबाचे रुग्ण आणि निरोगी व्यक्ती अशा दोन्ही गटांत त्यांनी निफेडिपिन या रक्तदाबाच्या औषधासोबत आले देऊन पाहिले. दोन्ही एकत्र दिल्यास बिंबिकांवरील परिणाम वाढतो, असे त्यांना आढळले. दररोज एक ग्रॅम आले आणि १० मिलिग्रॅम निफेडिपिन ही जोडी हृदय व मेंदूच्या विकारांत उपयोगी ठरू शकेल, असे त्यांनी सुचविले. परंतु अभ्यास छोटा होता आणि त्यात मोजले गेले ते बिंबिकांचे चिकटणे. झटके किती जणांना आले, हे नव्हे.

आपल्याकडे उदयपूरच्या संशोधकांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेले निष्कर्ष याहून सावध करणारे आहेत. हृदयविकाराच्या रुग्णांना रोज चार ग्रॅम सुंठ तीन महिने देऊनही बिंबिकांत फरक दिसला नाही. एकाच वेळी १० ग्रॅम दिल्यावर मात्र तो दिसला. दहा ग्रॅम सुंठ रोज पोटात घालणे कोणत्याही घरात शक्य नाही. जठराला ती सोसणारही नाही.

सुंठीने दुसरा झटका टळतो, हे दाखवणारी मोठी चाचणी झालेली नाही. उलट चिकटपणा जितका कमी तितके बरे, हे गृहीतकच २००४ साली प्रसिद्ध झालेल्या 'मॅच' चाचणीने डळमळीत केले. सुमारे ७,६०० रुग्णांच्या या चाचणीत क्लोपिडोग्रेलला ॲस्पिरिनची जोड दीड वर्ष दिली गेली. झटके लक्षणीय प्रमाणात घटले नाहीत; जिवावर बेतणारा रक्तस्राव मात्र १.३ टक्क्यांवरून २.६ टक्क्यांवर गेला. चीनमधील 'चान्स' चाचणीत, २०१३ मध्ये, हीच जोडी सौम्य झटक्यानंतर २४ तासांच्या आत सुरू करून अवघे २१ दिवस दिली आणि पुढे क्लोपिडोग्रेल एकटेच चालू ठेवले, तेव्हा ९० दिवसांतील झटक्यांचे प्रमाण ११.७ टक्क्यांवरून ८.२ टक्क्यांवर आले. मापून दिलेल्या गोळ्यांच्या बाबतीतही वेळ आणि मुदत इतकी निर्णायक ठरते. मग सुंठीच्या पुडीत द्रव्य किती, याचा तर हिशोबच नसतो.

शिवाय प्रत्येक झटका गुठळीचा नसतो. काहींत मेंदूतील रक्तवाहिनी फुटते. अशा रुग्णाला बिंबिका निष्प्रभ करणारे काहीही स्वतःच्या मनाने देणे धोक्याचे. झटका कोणत्या प्रकारचा होता, हे सीटी स्कॅनच्या अहवालात लिहिलेले असते. घरातील एकाने तरी ते डॉक्टरांकडून समजून घ्यावे.

चहातले आले, आमटीतला तुकडा किंवा पुरणातली चिमूटभर सुंठ यांची चिंता करण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो रोजच्या मोठ्या मात्रेचा आणि दुकानात मिळणाऱ्या अर्काच्या कॅप्सूलचा. वॉरफेरिन घेणाऱ्यांनी किंवा पूर्वी जठरव्रण झालेल्यांनी त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नयेत. काळी शौचास होणे, हिरड्यांतून वारंवार रक्त येणे, अंगावर निळे डाग उमटणे ही लक्षणे दिसल्यास त्वरित तपासणी करावी. दात काढण्यापूर्वी वा शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना औषधांची यादी सांगताना सुंठीचाही उल्लेख करावा. आणि सुंठ सुरू केली म्हणून ॲस्पिरिन परस्पर बंद करू नये.