आबालाल रहिमान : कोटीतीर्थाचे पाणी

फ्रेंच अकादमीच्या उतरंडीत निसर्गचित्राची पायरी खालची. १८१७ साली त्यासाठी रोमचे पारितोषिक सुरू झाले (पहिला मानकरी मिशालों), तेही ‘ऐतिहासिक’ निसर्गचित्राला. वीरपुरुषांच्या सोबतीवाचून झाडांना प्रतिष्ठा नव्हती!

मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टने (१८५७) युरोपीय अकादमींचीच शिस्त उचलली : आधी प्लास्टरचे पुतळे रेखाटायचे, मग जिवंत मानवाकृती. कोल्हापूरचे आबालाल रहिमान १८८० च्या दशकात तेथे शिकले. परतल्यावर मात्र त्यांचे मन रमले ते कोटीतीर्थात, रंकाळ्यात, पंचगंगेच्या काठी. आख्यान नाही, नायक नाही. बदलत्या प्रहरांतले पाणी आणि त्यावरचा उजेड. त्या तरल जलरंगांखाली रेखाटनाची जी पक्की बैठक जाणवते, ती शाळेची. विषय त्यांचा स्वतःचा.

शाहू महाराजांच्या निधनानंतर (१९२२) आबालालांनी आपली चित्रे कोटीतीर्थात बुडवली, ही आख्यायिका मराठी लेखनाला फार प्रिय. येथे चाकूरला साहित्य शिकवताना आम्हांलाही चित्रकार भेटतो तो बहुधा अशा आख्यायिकांतूनच. चित्रे दूर राहतात. पण ही आख्यायिका बोलते ती बुडालेल्या चित्रांविषयी. उरलेल्या चित्रांत आबालालांनी पाण्याचा रंग कसा लावला आहे, याविषयी ती एक अक्षरही सांगत नाही.