चेहऱ्याची दुखापत आणि श्वासाची वाट

चेहऱ्याला जबर मार लागलेला रुग्ण कॅज्युअल्टीत आला, की आपले लक्ष रक्ताकडे आणि सुजेकडे जाते. अनुभवी भूलतज्ज्ञ आधी पाहतो, रुग्ण बसला आहे कसा. खालच्या जबड्याचा पुढचा भाग दोन्ही बाजूंनी मोडला, की जिभेला पुढे धरणारा आधार सुटतो. पुढे झुकून रक्त-लाळ बाहेर गळू देणारा रुग्ण आपली वाट स्वतःच मोकळी ठेवत असतो. त्याला उताणे झोपवले, तर जीभ मागे सरकून घसा बंद होऊ शकतो. वाचकांनी प्रथम एवढे मनात ठेवावे.

या ज्ञानामागे पहिल्या महायुद्धाची मोठी किंमत आहे. इंग्लंडमध्ये सिडकप येथे १९१७ साली क्वीन्स हॉस्पिटल उघडले. सर्जन हॅरॉल्ड गिलीज तिथे सैनिकांचे उद्ध्वस्त चेहरे पुन्हा घडवत. पण भुलीचा मुखवटा ठेवायचा कुठे? शस्त्रक्रिया तर चेहऱ्यावरच होती. भूलतज्ज्ञ आयव्हन मॅगिल आणि स्टॅन्ली रोबोथम यांनी श्वासनलिकेत नळी घालून भूल देण्याची पद्धत तिथेच घडवली. नळी घशात वळवणारा मॅगिल यांचा चिमटा आजही शस्त्रक्रियागृहात हाताशी असतो. भूलशास्त्राने अभिमानाने सांगावा असा हा वारसा आहे.

तरीही प्रश्न पुरता सुटलेला नाही, आणि विषयाची खरी गोडी इथेच आहे. जबडा जुळवताना सर्जनला वरचे-खालचे दात एकमेकांवर बसवून पाहावे लागतात; तोंडातली नळी आड येते. नाकातून घालावी, तर नाकच मोडलेले, आणि कवटीच्या तळालाही तडा असेल, तर ती वाट धोक्याची. ट्रेकिओस्टॉमी, म्हणजे गळ्याला छेद देऊन थेट श्वासनलिकेत नळी घालणे, हा खात्रीचा मार्ग, पण गळ्यावर व्रण ठेवणारा. स्पेनमधील फ्रान्सिस्को हर्नांडेझ आल्तेमिर यांनी १९८६ साली नळीचे बाहेरचे टोक हनुवटीखालच्या छोट्या छेदातून काढण्याची युक्ती मांडली. तोंड आणि नाक दोन्ही सर्जनसाठी मोकळे झाले! मला ही युक्ती फार देखणी वाटते.

तुम्ही या क्षेत्रात नवे असाल, तर उपकरणांच्या नावांपासून सुरुवात करू नका. कवटीचे एखादे प्रतिरूप समोर ठेवा, हाड कुठे मोडले की वाट कुठे अडते ते बोटाने शोधा. मग जमल्यास शस्त्रक्रियेपूर्वी सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांचे बोलणे ऐका. नळी कुठून जाईल, पहिला बेत फसला तर दुसरा कोणता, दात तारेने बांधले असतील तर ती तार कापण्याचे हत्यार रुग्णाच्या उशाशी आहे ना, हे सारे त्या दोन-चार मिनिटांत ठरते.